‘देवीचं माणूस’ म्हणजे नेमके कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आजीचे थोरले भाऊ गडहिंग्लजकडच्या एका गावात जोगते, म्हणजे यल्लम्मा देवीला सोडलेले भक्त, होते. त्यांचे लग्न झाले होते, एक मुलगीही होती. पंचविशीच्या सुमारास डोक्यात जट आली, ती यल्लम्माची म्हणून ओळखली गेली, आणि त्यानंतर मरेपर्यंत ते साडी नेसून, डोक्यावर ‘जग’ (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) घेऊन जोगवा मागत राहिले. आज घरात त्यांच्याविषयी तीन मते आहेत. पुण्यात शिकणारी तुमची चुलत बहीण म्हणते की ते ट्रान्सजेंडर होते. काका म्हणतात की ते समलैंगिक असावेत आणि देवीचे नाव पुढे करून त्यांनी ते निभावून नेले. आजी दोघांचेही ऐकून घेते आणि म्हणते, ‘देवीचं माणूस होतं ते.’ मानववंशशास्त्राच्या दृष्टीने यांतले कोण बरोबर, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय ‘तृतीयलिंगी व्यक्ती सर्वच संस्कृतींत होत्या’ हे विधान खरे मानावे का, असेही.

कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या सीमाभागात मी जोगते आणि जोगतिणींमध्ये बरीच वर्षे क्षेत्रकार्य केले आहे. तरीही आधीच सांगते की तुमच्या या आजोबांच्या, म्हणजे आजींच्या भावाच्या, मनात काय होते, हे इतक्या वर्षांनंतर आणि इतक्या अंतरावरून मी सांगू शकत नाही, आणि जो कोणी ते ठामपणे सांगेल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नये. मी सांगू शकते ते एवढेच की ही तीन मते एकमेकांच्या विरोधात नाहीत, कारण ती एकाच प्रश्नाची उत्तरेच नाहीत. बहिणीच्या उत्तरामागचा प्रश्न आहे, ते स्वतःला आतून कोण समजत होते? काकांच्या उत्तरामागचा प्रश्न आहे, त्यांना ओढ कोणाची होती? आणि आजींच्या उत्तरामागचा प्रश्न आहे, त्यांच्यावर हक्क कोणाचा होता? तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ज्या गावात आणि ज्या काळात ते जगले तिथे पहिला विचारला जाणारा प्रश्न आजींचा होता.

आपण ज्याला एका शब्दात ‘लिंग’ म्हणतो, त्यात खरे तर अनेक धागे असतात: शरीराची घडण, पेहराव, वाट्याला येणारे काम, नात्यागोत्यातले स्थान, शरीरसंबंध, स्वतःविषयीची जाण आणि धर्मकृत्यातली भूमिका. प्रत्येक समाज या धाग्यांची मोळी बांधतो, पण मोळीची गाठ कोणत्या धाग्याची मारायची हे समाजासमाजांत बदलते. आज शहरात शिकलेल्या माणसाला ओढ किंवा आंतरिक जाण हाच माणसाचा गाभा वाटतो. ती गाठ त्याला इतकी नैसर्गिक वाटते की ती कोणीतरी मारलेली आहे हेच लक्षात येत नाही. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा आला तो १८६९ मध्ये, जर्मन भाषेत, कार्ल मारिया केर्टबेनी यांच्या लेखनातून, आणि तोही प्रशियातील एका दंडविधानाविरुद्धच्या वादात. पुरुषांचे पुरुषांशी संबंध त्याआधी नव्हते असा याचा अर्थ नाही. परंतु ‘अशा संबंधांवरून माणसाची एक जात ठरते’ ही कल्पना दीड शतकापेक्षा फार जुनी नाही, आणि ती गडहिंग्लज तालुक्यात पोहोचायला आणखी कितीतरी वेळ लागला.

माझी स्वतःची सुरुवात याच चुकीने झाली. पहिल्या वर्षी मी एक छापील प्रश्नावली घेऊन गेले होते आणि तिच्यात ‘लिंग’ या शब्दासमोर तीन चौकटी होत्या: पुरुष, स्त्री, इतर. यल्लम्माचे मुख्य ठाणे असलेल्या सौंदत्तीच्या डोंगरावर, जोगळभावीच्या कुंडाशी, साठीच्या एका जोगत्यांना मी तो प्रश्न विचारला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘मला काय इचारतीस? आईला इचार. कुणाचं लेकरू हाय, तिलाच ठावं.’ मी वहीत ‘उत्तर नाही’ असे लिहिले. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि त्या पानाची मला आजही लाज वाटते.

आता त्या उत्तराचा अर्थ लावू. यल्लम्माच्या परंपरेत माणूस जोगता ‘होतो’ असे कोणी म्हणत नाही. देवी त्याला ‘धरते’, ‘मागते’, आणि घरचे त्याला देवीला ‘सोडतात’. जट येणे, बरा न होणारा त्वचारोग, अंगात येणे, घरातली लागोपाठची आजारपणे, या सर्वांचा अर्थ देवीचे बोलावणे असा लावला जातो. मग सौंदत्तीला किंवा जवळच्या यल्लम्माच्या ठाण्यावर जाऊन गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, जिला ‘दर्शन’ म्हणतात, ती बांधायची, कपाळी भंडारा लावायचा आणि मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायचा. त्यात साडी ही व्यक्तीच्या इच्छेचा नव्हे, तर देवीच्या आज्ञेचा भाग म्हणून येते. लग्न झालेला, मुलेबाळे असलेला पुरुषही असा सोडला जातो, आणि गावाच्या लेखी त्यात विसंगती नसते. म्हणून तुमच्या आजोबांचे लग्न आणि मुलगी हा काकांना जो पेच वाटतो, तो आजींना कधीच वाटला नसेल.

देवीचा हक्क म्हणजे काय, हे मला सर्वांत स्पष्ट समजले ते बांगड्यांमुळे. मार्गशीर्ष पौर्णिमेला सीमाभागात ‘रांडाव पुनव’ म्हणतात. या दिवशी यल्लम्माचे, म्हणजेच रेणुकेचे, पती जमदग्नी यांचा वध झाला आणि ती विधवा झाली असे मानतात, म्हणून डोंगरावर बांगड्या फोडल्या जातात. पुढे माघी पौर्णिमेला, म्हणजे ‘अहेव पुनवे’ला, देवी पुन्हा सौभाग्यवती होते आणि हातात हिरवा चुडा भरला जातो. जोगतिणीही हे करतात आणि साडी नेसणारे जोगतेही करतात. म्हणजे वर्षातले दोन महिने जोगता विधवा असतो. ही वैधव्याची अवस्था त्याच्या स्वतःच्या आयुष्यातल्या कोणत्याही घटनेतून आलेली नसते. घरी त्याची बायको धडधाकट असू शकते. त्याच्या हातातला चुडा त्याच्या देहाविषयी किंवा मनाविषयी काही सांगत नाही, देवीच्या पंचांगाविषयी सांगतो. ‘हा माणूस स्त्री आहे की पुरुष’ असा प्रश्न इथे लावला, तर मार्गशीर्षात एक उत्तर मिळेल आणि फाल्गुनात दुसरे, आणि दोन्ही उत्तरे चुकीच्या माणसाविषयी असतील.

कथेतही हीच गाठ दिसते. रेणुकेने जलक्रीडा करणारा राजा पाहिला, तिचे मन क्षणभर ढळले, आणि जमदग्नींनी मुलांना तिचा शिरच्छेद करायला सांगितले. थोरल्या चौघांनी नकार दिला म्हणून त्यांना शाप मिळाला. परशुरामाने आज्ञा पाळली आणि वर मागून आईला जिवंत केले. महाभारताच्या वनपर्वात शाप असा आहे की ते मुलगे भान हरपून पशुपक्ष्यांसारखे जड झाले. यल्लम्माच्या मौखिक परंपरेत मात्र तो शाप पौरुष जाण्याचा होतो. संस्कृत कथेत नसलेली जागा लोकपरंपरेने त्याच कथेत तयार केली, आणि ती कोणासाठी केली हे लक्षात घ्या: आईवर हात उगारायला नकार देणाऱ्या मुलांसाठी. आईसाठी पौरुष गमावलेले हे मुलगे आपले पूर्वज आहेत, असे मला अनेक जोगत्यांनी सांगितले. शापाची कथा अशी अभिमानाने सांगितलेली मी दुसरीकडे फारशी ऐकलेली नाही.

इथे हिजडा परंपरेशी असलेला फरकही सांगायला हवा, कारण शहरात दोन्ही एकच समजले जातात. हिजडा समाजाची प्रमुख देवता गुजरातेतील बहुचरा माता, त्यांची रचना गुरू-चेला आणि घराण्यांची, आणि बहुतेकदा जन्मघराशी संबंध तुटलेला. निर्वाण, म्हणजे लिंगच्छेद, सगळेच करत नाहीत, परंतु मानाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे. जोगत्यांमध्ये सहसा लिंगच्छेद नसतो. देवीने दिले तसे शरीर देवीच्या सेवेला लागते. जोगता पुष्कळदा आपल्याच गावात, कधी आपल्याच घरात राहतो. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ अशी नोंद पहिल्यांदा झाली आणि देशभरात ती ४,८७,८०३ भरली. पण साडी नेसलेल्या जोगत्याने स्वतःला ‘पुरुष’ म्हणून नोंदवून घेतल्याचे मी पाहिले आहे. कारण विचारले तर म्हणाले, ‘सातबाऱ्यावर नाव तसंच हाय.’ चुडा देवीचा, सातबारा बापाचा. धागे सुटे असतात ते असे.

नात्यातले स्थान हा धागा बायकांच्या बाजूने पाहिला की आणखी उलगडतो. ज्या घरात मुलगा नाही तिथे मुलीला यल्लम्माला सोडण्याची प्रथा याच भागात होती. अशी मुलगी लग्न होऊन परघरी जात नाही; बापाच्या घरी राहते, त्याचा वारसा चालवते, मुलाने करायची कर्तव्ये करते. या प्रथेत मुलींचे भयंकर शोषण झाले आणि कर्नाटकाने १९८२ मध्ये व महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा करून तिला बंदी घातली ते योग्यच झाले. परंतु प्रथेची रचना पाहिली तर तिने मुलीला नात्याच्या हिशोबात मुलगा केलेले दिसते, तिच्या पेहरावात किंवा ओढीत काहीही बदल न करता.

आता याच्या शेजारी उत्तर अल्बानियाच्या डोंगराळ भागातली बुर्नेशा ठेवून पाहा. तिथल्या रूढ कायद्यानुसार, ज्याला ‘कानून’च म्हणतात, घराची मालमत्ता पुरुषाकडेच जाते, आणि वैराच्या हत्यासत्रात घरातले पुरुष मारले जाणे हे नित्याचे होते. घरात पुरुष उरला नाही, किंवा मुलीला ठरवलेले लग्न वैर न ओढवता मोडायचे असले, तर ती गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर आजन्म कौमार्याची शपथ घेई. त्यानंतर ती पुरुषाचा वेश करी, बंदूक बाळगी, पुरुषांच्या बैठकीत तंबाखू ओढत बसे आणि घराची कर्ती होई. तिला स्त्रियांची ओढ होती का, हा प्रश्न त्या समाजाने विचारलाच नाही. शपथेने शरीरसंबंधाचा धागाच कापून टाकलेला होता. सीमाभागातली देवीला सोडलेली मुलगी आणि अल्बानियातली बुर्नेशा या दोघी एकाच अडचणीचे, म्हणजे मुलगा नसलेल्या घराचे, उत्तर आहेत. पण एकीने साडी सोडली नाही आणि दुसरीने विजार चढवली, एकीचे शरीर देवीच्या नावाने परपुरुषांना खुले झाले आणि दुसरीचे कायमचे बंद. दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांत तर मूल न होणारी स्त्री गुरे देऊन दुसऱ्या स्त्रीशी रीतसर लग्न करू शके आणि त्या बायकोची मुले तिला ‘बाप’ म्हणत; मुलांचा जन्मदाता वेगळा असे आणि या ‘नवऱ्या’चे बायकोशी शरीरसंबंध असणे अपेक्षितही नसे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर यातूनच निघते. सामोआत फाआफाफिने आहेत, सुलावेसीच्या बुगिस लोकांत पाच लिंगे मानतात, न्यू मेक्सिकोच्या झुनी लोकांत ल्हामाना (पुरुष म्हणून जन्मून स्त्रीवेशात राहणारे) होते, आपल्याकडे हिजडे आणि जोगते आहेत, अशी यादी करून ‘तृतीयलिंगी सर्वत्र होते’ म्हणणे हे पोस्टाची तिकिटे जमवण्यासारखे आहे. स्त्री-पुरुष या दोन खणांत न मावणाऱ्या व्यक्ती जगभरच्या पुष्कळ समाजांत आढळतात आणि त्यांच्यासाठी समाज जागा करतात, एवढे खरे. पण त्या सगळ्या एकाच खणात मावतात असे म्हणताना आपण जुने दोन खण मोडून तिसरा तितकाच घट्ट खण बांधतो. याच चुकीपायी आमच्या शास्त्राने उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजांतल्या अशा सर्व व्यक्तींना कित्येक दशके फ्रेंच प्रवाशांकडून उचललेला एक हीन शब्द लावला. १९९० मध्ये विनिपेग येथील मेळाव्यात मूळनिवासी लोकांनी स्वतःच ‘टू-स्पिरिट’ हा शब्द पुढे आणला तेव्हा कुठे तो जुना शब्द मागे पडू लागला.

आता बहिणीची बाजू. तिला चूक म्हणणे मला मान्य नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण कायद्याचे. राज्यसंस्था आपले प्रश्न आपल्याच पद्धतीने विचारते. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातले आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. त्यांचा प्रश्न ‘संशयित कोण’ एवढाच होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, २०१८ मध्ये ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, आणि संसदेने २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. त्या कायद्याच्या मूळ व्याख्येत किन्नर, हिजडा आणि अरवाणी यांच्यासोबत ‘जोगता’ हा शब्द नावानिशी आलेला आहे. कर्नाटकाच्या देवदासीविषयक कायद्याने देवदासी म्हणजे स्त्रीच धरली असल्याने जोगता त्याबाहेर राहिला होता. ही नवी छत्री उघडली तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याखाली आला. आज ओळखपत्रासाठी अर्ज करणारा जोगता स्वतःला ट्रान्सजेंडर म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. जट येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण मुलींसारखे आहोत असे वाटत होते, आईची साडी चोरून नेसत होतो, आणि देवीने धरले तेव्हा सुटकाच झाली, असे मला काही जोगत्यांनी सांगितले आहे. इतरांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले की साडीची त्यांना लाज वाटे, वर्षभर ते देवीशी भांडले, आणि घरातले मूल दगावल्यावर हार मानली. दोघेही आज एकाच ओळीत चौंडकं या वाद्याच्या ठेक्यावर नाचतात. देवीची वाट इतकी रुंद होती की तिच्यावरून वेगवेगळ्या कारणांनी आलेली माणसे चालू शकत. तुमचे आजोबा यांतल्या पहिल्या प्रकारचे असतील, तर बहिणीचा शब्द त्यांच्या मनाच्या जवळ जाईल. दुसऱ्या प्रकारचे असतील तर तो त्यांच्यावर अन्याय करील.

काकांच्या मताबद्दल थोडक्यात सांगते. पुरुषांशी संबंध ठेवणारे जोगते आहेत, न ठेवणारेही आहेत. पण ‘समलैंगिक’ या शब्दात दोन्ही जोडीदार एकाच नावाखाली येतात, आणि इथल्या बोलीव्यवहारात तसे होत नाही: साडी नेसणाऱ्याला नाव असते, त्याच्याकडे येणाऱ्या पुरुषाला काहीच नाव नसते, तो नुसता ‘पुरुष’ असतो आणि सकाळी आपल्या घरी जातो. शिवाय ‘देवीचे नाव पुढे करून’ हे म्हणणे मला खटकते. जट, जोगवा आणि उपहास यांचे ओझे चाळीस-पन्नास वर्षे वाहणे हा कोणाचा सोयीचा बुरखा असेल, असे मला वाटत नाही.

आजींच्या शब्दांकडे मात्र पुन्हा एकदा लक्ष द्या. ‘माणूस’ हा शब्द आपल्या बोलीत दोन प्रकारे चालतो: ‘चांगला माणूस’ आणि ‘चांगलं माणूस’. आजी ‘देवीचा माणूस होता तो’ म्हणाल्या नाहीत, ‘देवीचं माणूस होतं ते’ म्हणाल्या. हे नपुंसकलिंग हेटाळणीचे नाही. ‘लेकरू’ या शब्दात असते तशी माया त्यात आहे. मराठी क्रियापद बोलणाऱ्याला लिंग सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि जोगते त्यातून आपापली वाट काढतात. एकाच बैठकीत देवीच्या ‘जगा’समोर ‘मी आले’ आणि उसाच्या बिलाचा विषय निघाला की ‘मी गेलो’ असे मी ऐकले आहे. तरीही आजींचे उत्तर संपूर्ण सत्य समजू नका. देवीच्या नावाखाली गरिबी, जात, बायकोची झालेली फरपट, यात्रेतली छेडछाड आणि मारहाण हेही झाकले जाते, आणि मायेने बोलणारी माणसेच ते सहसा झाकतात. आजोबांच्या पत्नीचे पुढे काय झाले, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, हे मला वाचताना लगेच जाणवले.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नाव ठरवण्याआधी जे विचारायला सांगते, तेच तुम्ही आजींना विचारावे असे सुचवते. घरातली मुले त्यांना कोणत्या नात्याने हाक मारत, मामा की मावशी? लग्नकार्यात ते कोणत्या पंगतीला बसत, आणि कोणत्या विधीला त्यांना मुद्दाम बोलावत व कोणत्या विधीला दूर ठेवत? शेतावर जाताना साडीच असे की धोतर? मुलीच्या कन्यादानाला ते कोण म्हणून उभे राहिले, किंवा राहिलेच नाहीत? मृत्यूनंतर अंगावर काय घातले, हातात चुडा ठेवला का, आणि अग्नी किंवा माती कोणी दिली? हा शेवटचा प्रश्न मी कधीही सोडत नाही. झुनी लोकांतले प्रसिद्ध ल्हामाना वी’वा हे उत्तम विणकर होते. १८८६ मध्ये ते वॉशिंग्टनला गेले तेव्हा तिथल्या उच्चभ्रू वर्तुळांत सर्वांनी त्यांना स्त्रीच मानले. पण १८९६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या माणसांनी स्त्रीवेशाच्या आत विजारही चढवली होती. जिवंतपणी जे कोणी उघड बोलत नाही, ते लोक मृताला कपडे घालताना करून दाखवतात.

आणि आजोबांचा जग त्यांच्यामागे कोणाकडे गेला तेही विचारा. तो माळ्यावर टाकता येत नाही, कोणालातरी तो उचलावाच लागतो. घरातल्या कोणाला त्यासाठी विचारले गेले होते का, आणि ज्याला विचारले त्याने काय उत्तर दिले, हे आजींना नक्की आठवत असेल.